आकडा आणि वर्दी

कुणी नवा कोड चढवला, रात्रीची चाचणी नापास झाली, की टीमच्या ‘स्लॅक’ या संदेशांच्या अ‍ॅपमधल्या चॅनलवर आपोआप संदेश येऊन पडतो. ही जोडणी करताना गाठ पडते ती ‘वेबहूक’ या शब्दाशी. जेफ लिंडसे यांनी 2007 साली तो घडवला. ‘हूक’ प्रोग्रॅमरांच्या बोलण्यात आधीपासून होताच: दुसऱ्याला आपला कोड अडकवता यावा म्हणून प्रोग्रॅममध्ये मुद्दाम राखलेली जागा. लिंडसेंनी ती कल्पना वेबवर नेली. स्लॅककडून चॅनलचा एक खास पत्ता घ्यायचा, तो चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत नोंदवायचा. मग ‘काही घडलं का?’ असं सारखं विचारत बसावं लागत नाही. घडलं की मजकूर स्वतःच त्या पत्त्यावर येतो.

हूक म्हणजे आपला आकडा. संस्कृत ‘अंक’ शब्दात बाकही आहे, आकडीही, खूणही आणि संख्येचं चिन्हही. म्हणून मराठीत दोरी अडकवायची तोही आकडा आणि वहीत मांडायचा तोही. हत्तीचा अंकुश याच कुळातला. विजेच्या तारेवर चोरून आकडा टाकणं तर गावोगाव ठाऊक आहे, आणि इथंही तसा धोका आहेच. वेबहूकचा पत्ता ज्याच्या हाती लागेल, तो वेगळ्या पासवर्डशिवाय तुमच्या चॅनलवर लिहू शकतो. तो पत्ता उघड्या कोडमध्ये कधीही ठेवू नये.

आता येणाऱ्या संदेशाला काय म्हणायचं? मोबाइल म्हणतो ‘सूचना’. मूळ ‘सूच्’ धातूचा अर्थ दाखवून देणं, तेव्हा व्युत्पत्तीला धरून ते चूक नाही. पण मराठीत परीक्षार्थींना देतात त्या सूचना, आणि सभेत सदस्य मांडतो तीही सूचनाच. ‘चाचणी नापास झाली’ यात आज्ञा नाही, सल्लाही नाही. घडलेलं तेवढं कळवलेलं आहे.

त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: वर्दी. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश. मराठीत मात्र आगीची वर्दी मिळताच अग्निशमन दल निघतं, पाहुणे आल्याची वर्दी आत जाते. घटना घडली, ज्याला कळायला हवं त्याला लगेच कळलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि वेबहूकचं कामही तेवढंच. अ‍ॅप मराठीत आणणाऱ्यांनी ‘सूचना’ आज्ञेसाठी आणि सल्ल्यासाठी राखून ठेवावी, आणि इथं बिनधास्त ‘वर्दी’ लिहावं.