मसल कार: लक्षात राहिलेली गाडी, विसरलेला कारखाना

इतिहासाच्या व्याख्यानात मोटारगाड्या कुठून आल्या, असं काहींना वाटेल. पण एखादा समाज कशाच्या आठवणीने हळवा होतो हे पाहिलं, की तो सोयीस्करपणे काय विसरलाय हेही कळतं. अमेरिकन माणसाचं असं एक हळवं ठिकाण म्हणजे साठच्या दशकातली 'मसल कार'.

मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराची, दोन दारांची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं, की झाली मसल कार. सुरुवात सहसा १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून मानतात. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन त्यांनी टेम्पेस्ट या गाडीवर जादा पैसे मोजून मिळणारी सोय म्हणून विकायला काढलं. नवं मॉडेल नाही, म्हणजे नियमही मोडला नाही! अंदाज ५,००० गाड्यांचा होता. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०.

घेणारे कोण होते? महायुद्धानंतर, १९४६ मध्ये जन्मलेली मुलं १९६४ ला अठरा वर्षांची झाली. नोकऱ्या होत्या, पेट्रोल स्वस्त होतं, गाडी हप्त्यावर मिळत होती. कारखान्यात काम करणारा विशीतला पोरगाही असली गाडी दारात उभी करू शकत होता. आठवणींचा गोडवा इथून येतो, आणि तो खोटा नाही.

मग हे संपलं कसं? अरबांनी तेल रोखलं आणि मसल कार मेली, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा लावून पाहा. तेलबंदी ऑक्टोबर १९७३ ची. त्याआधीच विमा कंपन्यांनी तरुण चालकांकडून या गाड्यांसाठी जबर हप्ते घ्यायला सुरुवात केली होती. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरातले घातक वायू ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, तशी ताकद घटली. आणि रस्त्यांची स्थिती काय होती? एकट्या १९७२ मध्ये अमेरिकेत अपघातांत ५४ हजारांहून जास्त माणसं गेली. म्हणजे तेल थांबलं तेव्हा रोगी आधीच अंथरुणाला खिळलेला होता. तेलबंदीने फक्त शेवटचा धक्का दिला.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. डॉज चॅलेंजर आणि प्लिमथ बाराकुडा ही या काळातली लाडकी नावं. या गाड्या बनत त्यांतला एक कारखाना म्हणजे 'डॉज मेन'. हॅमट्रॅमॅक हे डेट्रॉइट शहराने जवळजवळ चारी बाजूंनी वेढलेलं छोटं गाव. कारखाना तिथे होता. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटलं, ४३ माणसं मेली. पुढच्याच वर्षी, मे १९६८ मध्ये, डॉज मेनच्या कामगारांनी युनियनला न विचारता संप केला. तक्रार साधी होती: पट्टा फार वेगाने फिरवला जातोय. शिक्षेची कुऱ्हाड मुख्यतः कृष्णवर्णीय कामगारांवर कोसळली, आणि त्यातून 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही संघटना उभी राहिली. म्हणजे बघा, गाडीच्या वेगाचं कौतुक चाललं होतं आणि ती बनवणारे पट्ट्याचा वेग कमी करा म्हणत होते. वेग दोन होते. आठवणीत एकच उरला.

डॉज मेन १९८० मध्ये बंद पडला. त्याची जागा आणि शेजारची पोलटाउन ही वस्ती मिळून जनरल मोटर्सला नवा कारखाना द्यायचं ठरलं. त्यासाठी डेट्रॉइट महापालिकेने ही वस्ती सक्तीने संपादित केली, चार हजारांहून अधिक लोक हलवले. आज त्याच भूमीवर विजेच्या गाड्या तयार होतात.

आणि बाराकुडा? हेमी इंजिनाची, उघडता येणाऱ्या टपाची १९७१ ची एक गाडी २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. कामगाराच्या पोराला परवडणारी म्हणून जिच्या आठवणी काढायच्या, ती जात अशी कोट्यधीशांच्या गॅरेजात जाऊन बसली. २०२४ मध्ये डॉजने विजेवरची चार्जर आणली. तिला जुन्या इंजिनासारखा आवाज कृत्रिमरीत्या दिलाय, कारण गिऱ्हाइकाला तो हवाय.

स्मरणरंजन वाईट असं मला म्हणायचं नाही. त्या हळहळीच्या मुळाशी एक रास्त इच्छा आहे: साध्या नोकरीवर तरुणपणी काहीतरी झगझगीत आपलं असावं. पण ती इच्छा पुरी करणारी गोष्ट इंजिन नव्हती. पगार होता, नोकरीची शाश्वती होती. आवाज पुन्हा तयार करता येतो. पगाराचं आणि शाश्वतीचं काय, हा प्रश्न डेट्रॉइटला अजून विचारावा लागतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.