ब्रुकलिनचा पूल आणि ओलांडणाऱ्यांची भीती



मागच्या वेळी कारणमीमांसेवर बोलता बोलता आपण पुलाचं उदाहरण घेतलं होतं, आणि नंतर दोघातिघांनी विचारलं की पुलावरच एकदा बोला ना. म्हणून आज तत्त्वज्ञान थोडं बाजूला ठेवू आणि एका पुलाची गोष्ट नीट पाहू. अगदी बाजूला राहील असं नाही, कारण ज्याने हा पूल कल्पिला तो आमच्याच विषयाच्या वाटेवरचा माणूस होता.

आमच्या लहानपणी एसटी मोठ्या पुलावर आली की आजी पदराच्या गाठीतलं नाणं काढायची, खिडकीतून नदीत टाकायची आणि हात जोडायची. आम्हाला वाटायचं, ही नदीची पूजा. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की पूल संपेपर्यंत तिचे डोळे मिटलेलेच असायचे. म्हणजे त्या नमस्कारात भक्ती किती आणि भीती किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

जॉन ऑगस्टस रोबलिंग हा १८०६ साली जर्मनीत, म्यूलहाउझेन या गावी जन्मला. बर्लिनला स्थापत्य शिकला, आणि तिथे असताना त्याने हेगेलची व्याख्यानं ऐकली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे अमेरिकेत गेला, तारेचे दोर वळण्याचा कारखाना काढला आणि झुलते पूल बांधू लागला. विश्वाच्या स्वरूपावर त्याने पानंच्या पानं लिहून ठेवली होती. ती फारशी कुणी वाचली नाहीत. त्याचे पूल मात्र टिकले.

त्या काळी झुलत्या पुलाचं नाव काढलं की शहाण्या माणसाच्या पोटात गोळा यायचा, आणि तो उगाच नव्हे. १८५० साली फ्रान्समध्ये आंझे इथे सैनिकांची तुकडी वादळात पुलावरून जात असताना पूल कोसळला, दोनशेहून अधिक सैनिक गेले. १८५४ साली अमेरिकेतल्या व्हीलिंगचा हजार फुटांचा झुलता पूल नुसत्या वाऱ्याने पिळवटून पडला. वर माणूस नाही, ओझं नाही, नुसता वारा. रोबलिंगने यातून काय घेतलं? झुलता पूल वजनाने पडत नाही, हलल्याने पडतो. म्हणून त्याने पुलाच्या वाटेला ताठपणा देणाऱ्या लोखंडी चौकटी घातल्या, आणि मनोऱ्यांच्या माथ्यापासून खाली तिरके ताण बांधले. ब्रुकलिनच्या पुलाचं चित्र पाहिलंत तर कोळ्याच्या जाळ्यासारखं जे दिसतं ना, ते हे ताण. मुख्य दोर गेले तरी पूल खाली लोंबेल पण पडणार नाही, असा त्याचा दावा होता.

न्यू यॉर्क आणि ब्रुकलिन ही तेव्हा दोन वेगळी शहरं होती. मध्ये ईस्ट रिव्हर. नाव नदीचं, पण ती खरं म्हणजे समुद्राची खाडी आहे, भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त. हिवाळ्यात बर्फ साचलं की होड्या अडकायच्या. तिथे पूल हवा होता, आणि खालून उंच डोलकाठीची जहाजं जायला हवी होती. रोबलिंगने दोन मनोऱ्यांमध्ये १५९५ फुटांचं अंतर धरलं. एवढा लांब गाळा तोवर जगात कुठेही नव्हता.

२८ जून १८६९ या दिवशी तो धक्क्यावर उभा राहून मनोऱ्याची जागा निश्चित करत होता. एक फेरीबोट धक्क्याला आदळली आणि त्याचा पाय लाकडांत चिरडला. बोटं कापावी लागली, धनुर्वात झाला, २२ जुलैला तो गेला. म्हणजे पुलाचं काम सुरू व्हायच्या आधीच पुलाने पहिला बळी घेतला, आणि तो कर्त्याचाच.

मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग, वय बत्तीस. काम त्याच्याकडे आलं. इथून पुढचा भाग आपण जरा सावकाश पाहू या, कारण पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरचे दोर येतात आणि खरी लढाई खाली पाण्यात झाली.

पेला उपडा करून पाण्यात दाबला तर आत हवा राहते, पाणी शिरत नाही. हे तुम्ही घरी बादलीत करून पाहिलं असेल. असाच एक अजस्र लाकडी पेला करायचा, त्याला केसन म्हणतात. ब्रुकलिनच्या बाजूचा केसन १६८ फूट लांब आणि १०२ फूट रुंद होता. तो तळावर बसवायचा, आत दाबाने हवा भरत राहायची म्हणजे पाणी बाहेर थोपतं, आणि मजुरांनी आत उतरून तळाची माती, दगड खणून काढायचे. वरून मनोऱ्याचं दगडी बांधकाम चालूच. जसजसं वजन वाढतं आणि खालचं खणलं जातं, तसतसा केसन खाली सरकतो. मनोरा वर चढतो आणि पाया खाली उतरतो, दोन्ही एकाच वेळी. कल्पना सुंदर आहे, पण आतल्या माणसाचं काय?

आत मेणबत्तीच्या आणि गॅसच्या उजेडात काम. दाबाच्या हवेत आवाज बारीक, विचित्र येई. मेणबत्ती फुंकून विझवली तर पुन्हा पेट घेई. १८७० च्या डिसेंबरात छताच्या लाकडाला आग लागली, ती लाकडाच्या पोटात धुमसत राहिली. शेवटी केसन पाण्याने भरून ती विझवावी लागली. ब्रुकलिनचा पाया सुमारे ४४ फुटांवर बसला. न्यू यॉर्कच्या बाजूचा मात्र आणखी खाली, आणखी खाली जात राहिला. खडक काही लागेना.

आणि माणसं दुखण्याने वाकडी होऊ लागली. आत ठीक असत, बाहेर आल्यावर गुडघे, कंबर, पोट यांत भयंकर कळा, कुणाचे पाय लुळे. त्या वेळी बायकांमध्ये कमरेत वाकून चालण्याची एक फॅशन होती, तिच्या नावावरून मजुरांनी थट्टेने या आजाराला ‘बेंड्स’ म्हणायला सुरुवात केली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. सोड्याची बाटली फटकन उघडली की बुडबुडे उसळतात, तसं दाब एकदम उतरला की रक्तात मुरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं ते १८७८ साली. उपाय इतकाच की माणसाला हळूहळू बाहेर आणायचं. इथले मजूर तर पाळी संपली की घरी जायच्या घाईत. कामावरचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी शंभराहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली.

१८७२ च्या वसंतात केसन ७८ फुटांवर पोचला, आणि माणसं दगावू लागली. खडक अजून खालीच होता. वॉशिंग्टनने तळाची वाळू तपासली. ती इतकी घट्ट बसलेली होती की युगानुयुगं हललेली नसावी. त्याने काम थांबवलं. न्यू यॉर्कच्या बाजूचा तो मनोरा आजही खडकावर नाही, वाळूवर उभा आहे. हा निर्णय चुकला असता तर काय, याचा विचार त्याने पुढे किती रात्री केला असेल! आम्हाला या सगळ्या इतिहासात हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. आणखी खणलं तर मजूर मरणार हे निश्चित. थांबलं तर कदाचित, पुढे कधीतरी, पूल ओलांडणारे मरणार. निश्चित आणि कदाचित यांची तुलना करायला कुठलंही गणित त्याच्याकडे नव्हतं.

तोही त्या आजारातून सुटला नाही. त्याच वर्षी तो कोसळला आणि पुढची कित्येक वर्षं ब्रुकलिनमधल्या घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम पाहत राहिला. त्याची पत्नी एमिली गणित शिकली, पदार्थांची ताकद कशी मोजतात ते शिकली, त्याच्या सूचना रोज कामावर नेऊ लागली, अभियंत्यांशी चर्चा करू लागली. काही लोकांना तर वाटायचं, खरी मुख्य अभियंता हीच.

मनोरे झाले, पहिला दोर पलीकडे गेला. मग प्रश्न आला की त्यावर माणूस जाणार कोण. २५ ऑगस्ट १८७६ रोजी फॅरिंग्टन नावाचा मुख्य कारागीर एका फळीवर बसला. फळी दोराला टांगलेली, आणि तो दोर यंत्राने ओढला जात होता. खाली हजारो माणसं माना वर करून पाहत होती. बाविसेक मिनिटांत तो पलीकडे गेला. हे कशासाठी? पुढे ज्यांना याच दोरांवर काम करायचं होतं, त्यांनी पाहावं म्हणून. नंतर कामगारांसाठी जी अरुंद झुलती पायवाट बांधली, तिच्यावर रोबलिंगच्या सहीची पाटी होती. एका वेळी पंचवीसच माणसांनी जावं, जवळजवळ चालू नये, धावू नये, उड्या मारू नयेत, पावलं एका तालात टाकू नयेत. आंझेचे सैनिक कुणी विसरलं नव्हतं.

चौदा वर्षांनी, २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. राष्ट्राध्यक्ष आर्थर आले, तोफा झाल्या, दारूकाम झालं. वॉशिंग्टन घरीच. पायी जाणाऱ्याला एक सेंट, आणि पहिल्याच दिवशी दीड लाख माणसं ओलांडून गेली. काम करताना वीस ते तीसच्या दरम्यान माणसं गेली होती, नक्की हिशेबही कुणी ठेवला नाही.

आता सहावा दिवस. ३० मे, सुट्टीचा दिवस, पुलावर तोबा गर्दी. न्यू यॉर्कच्या बाजूला एक छोटा, अरुंद जिना होता. तिथे एका बाईचा पाय घसरला, ती पडली. दुसरी एक किंचाळली. मागच्यांना काही दिसत नव्हतं, फक्त किंकाळी ऐकू आली. कुणीतरी समजलं की पूल पडतोय. मग मागून रेटा आणि पुढे माणसांचा ढीग. बारा माणसं चेंगरून मेली. पूल जागचा हललाही नव्हता.

हे वाचताना आम्हाला आपल्या मुंबईचा एक दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पादचारी पूल, सकाळची वेळ, जोराचा पाऊस, आणि पावसापासून आडोसा म्हणून जिन्यावर थांबलेली माणसं. तेवीस जण गेले. वाचलेल्या एका मुलीने सांगितल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं, की कुणा फुलवाल्याचा भार खाली पडला आणि तो ‘फूल गिर गया’ असं ओरडला. लोकांनी ऐकलं ‘पूल गिर गया’. एका अक्षराचा फरक, बघा. अर्थात त्या अक्षराने माणसं मारली असं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. जिना अरुंद होता, गर्दी वर्षानुवर्षं वाढत होती आणि रोज जाणारे लोक ओरडून सांगत होते. १८८३ च्या जिन्याबद्दलही हेच म्हणता येईल. अफवा पसरते कारण ती खरी वाटावी अशी परिस्थिती आधीच असते.

आणि याच्या उलट? २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी कमानींचा पूल. पुराच्या पाण्यात तो गेला आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहनं त्यासोबत गेली. त्याच मे महिन्यात तपासणी होऊन पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या गाड्यांतली किती माणसं झोपेत असतील! भीती कुणालाच नव्हती. एका ठिकाणी पूल शाबूत आणि माणसं भीतीने गेली, दुसऱ्या ठिकाणी माणसं निर्धास्त आणि पूल गेला. आपल्याला आत जे वाटतं त्यावरून पुलाच्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही, ही मोठी अडचण आहे.

न्यू यॉर्कच्या लोकांची भीती कशी गेली ते ऐकण्यासारखं आहे. १७ मे १८८४ रोजी सर्कसवाल्या बार्नमने एकवीस हत्ती आणि सतरा उंट पुलावरून चालवत नेले. त्यांत त्याचा प्रसिद्ध जंबोही होता. तो धंदेवाईक माणूस, त्याला जाहिरात हवी होती. अभियंत्याला विचाराल तर पूल जे वजन पेलायला बांधला होता, त्यापुढे एकवीस हत्ती म्हणजे काहीच नाही, त्यातून नवं काही सिद्ध झालं नाही. पण लोकांना तारेची ताकद मोजता येत नव्हती आणि हत्ती दिसत होता. तर्कशास्त्राच्या पेपरात आम्ही याला शून्य मार्क दिले असते, हे खरं.

ज्यांची भीती हत्तींनीही जात नाही, अशी माणसं आजही आहेत. पुलाच्या भीतीला गेफायरोफोबिया म्हणतात, ग्रीकमध्ये गेफायरा म्हणजे पूल. मिशिगनमध्ये मॅकिनॅकचा पूल आहे, १९५७ चा, पाच मैल लांब. तिथे तुम्ही सांगितलंत की माझ्याच्याने होणार नाही, तर पुलाचा माणूस येतो, तुमच्या गाडीचं चाक हातात घेतो आणि तुम्हाला पलीकडे पोचवतो. कुणी हसत नाही. आजी तिथे असती तर तिने त्याला नाणं दिलं असतं.

वेळ होत आली, पण तारेची गोष्ट राहिली. मुख्य दोर चार, आणि एकेका दोरात पोलादाच्या पाच हजारांहून जास्त तारा. ही तार पुरवण्याचं कंत्राट हेग नावाच्या माणसाला मिळालं होतं. १८७८ साली उघड झालं की तपासनीस चांगली तार पास करायचे आणि वाटेत ती बदलून नाकारलेली तार कामावर जायची. चांगली भेंडोळी पुन्हा पुन्हा दाखवायची. कळेपर्यंत बरीच खोटी तार दोरांत गुंफली गेली होती, आणि ती आता काढता येणार नव्हती. रोबलिंगने हिशेब केला. लागणाऱ्या ताकदीच्या सहापट धरून पूल आखला होता, तो आता निदान पाचपट भरत होता. त्याने प्रत्येक दोरात दीडशे तारा जादा घालायला लावल्या, तेही हेगच्या खर्चाने, आणि काम पुढे चालू केलं. ती तार अजून तिथेच आहे, आणि तिच्या खालून रोज लाखभर वाहनं जातात.

इथे थांबू या. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.