जुन्या बुलेटचे ‘मिसिंग’

पॉइंट असलेल्या जुन्या ३५० सीसी बुलेटचे ठोके मध्येच चुकू लागले की बहुतेक जण प्रथम कार्ब्युरेटर खोलावयास लावतात. वास्तविक दोष पुष्कळदा ठिणगीच्या बाजूला असतो.

प्रारंभ प्लगपासून करावा. तो काजळलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढुरका असेल तर हवा अधिक. पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. पॉइंटची टाच झिजली की ती कमी होते आणि टायमिंग मागे पडते.

खरा चकवा देतो तो कंडेन्सर. थंड इंजिन निर्दोष चालते. तापताच गाडी अडखळते, सायलेन्सरमधून बार निघतात आणि पॉइंटमध्ये मोठ्या ठिणग्या उडून ते जळतात. (तापलेली कॉइलही कधी अशीच दगा देते.) अशा वेळी केवळ पॉइंट बदलल्यास नवेही लवकरच जळतात. कंडेन्सर स्वस्त आहे, तोच आधी बदलावा; घाटात ऐन वळणावर इंजिन बंद पडणे जिवावर बेतू शकते.

कार्ब्युरेटरची पाळी यानंतर. टाकीतला गंज जेटमध्ये अडकला असल्यास गाडी विशेषतः वेग वाढवताना धापा टाकते. प्लग काढून ठिणगी पाहताना मात्र जवळपास पेट्रोलची गळती नाही, याची खात्री करून घ्यावी.