कालप्रसारण

एका ठिकाणी निश्चित केलेली वेळ इतर ठिकाणच्या घड्याळांना पोहोचविण्याच्या क्रियेस कालप्रसारण म्हणतात. कालमापन व कालप्रसारण या दोन भिन्न गोष्टी होत. घड्याळ कितीही उत्तम असले, तरी ते कोणत्या संदर्भाशी जुळवावयाचे हे ठरल्याखेरीज दोन गावांच्या वेळांचा मेळ बसत नाही. हा संदर्भ प्रथम रेखावृत्ताच्या, नंतर तारायंत्राच्या, पुढे रेडिओच्या आणि अखेरीस कृत्रिम उपग्रहांच्या द्वारा लोकांपर्यंत आला. या इतिहासाची दोन्ही टोके विदर्भातील वाशिम या गावी एकत्र पाहावयास मिळतात. प्राचीन ज्योतिषग्रंथांत हे गाव भारतीय मध्यरेषेवर मानले आहे, तर आज तेथील एखाद्या घराच्या गच्चीवर बसविलेला लहानसा ग्राही त्या घरातील सर्व संगणकांना अणुघड्याळाची वेळ पुरवू शकतो.

मध्यरेषा व देशांतर : वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म असून ते वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे ठिकाण होते. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी भूमीची मध्यरेषा ज्या स्थानांवरून जाते असे ज्योतिर्विद मानीत, त्यांत उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्माचाही उल्लेख भास्कराचार्यांच्या करणकुतूहल (११८३) या ग्रंथात आढळतो. वाशिम येथील मध्यमेश्वराच्या देवालयाचा संबंध या रेषेशी जोडला जातो.

पंचांगातील गणित या रेषेवरील वेळेसाठी केलेले असे. इतर गावी ते वापरताना देशांतर-संस्कार करावा लागे. पृथ्वी ६० घटिकांत ३६० अंश फिरते. म्हणून एका अंशाच्या अंतरास १० पळे, म्हणजे ४ मिनिटे, इतका फरक पडतो. देशांतर काढण्याचा एक मार्ग म्हणजे चंद्रग्रहण होय. चंद्रग्रहण सर्वत्र एकाच क्षणी दिसते. त्यामुळे मध्यरेषेसाठी गणिताने आलेली वेळ व स्वतःच्या गावी घटिकायंत्राने मोजलेली वेळ यांतील फरकावरून गाव रेषेच्या पूर्वेस वा पश्चिमेस किती दूर आहे हे समजे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवीत आणि ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजत. विवाहप्रसंगी घटिका ठेवण्याच्या प्रथेत हे यंत्र दीर्घकाळ टिकून राहिले.

या साधनांची मर्यादा उघड आहे. एका पळाची, म्हणजे २४ सेकंदांची, चूक झाल्यास वाशिमच्या अक्षांशावर स्थानात सुमारे १० किमी.ची चूक होते. आधुनिक मोजणीनुसार वाशिमचे रेखांश सु. ७७° ८' पू. व उज्जैनचे सु. ७५° ४७' पू. आहेत. दोहोंच्या स्थानिक वेळांत सुमारे साडेपाच मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे ती एकाच रेखावृत्तावर नाहीत. तथापि वेळेतील फरकावरून स्थान ओळखण्याचे तत्त्व अचूक होते आणि तेच आजच्या उपग्रहपद्धतीच्याही मुळाशी आहे.

तारायंत्र व प्रमाण वेळ : मध्यरेषा हा गणिताचा आधार होता, त्या रेषेची वेळ इतर गावांनी पाळावी असा दंडक नव्हता. प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्याचा स्वतःचा असे. आगगाडी व तारायंत्र यांमुळे ही स्थिती पालटली. मुंबई बंदरातील जहाजांच्या सोयीसाठी १८२६ मध्ये स्थापन झालेली कुलाबा वेधशाळा वेळ पुरवीत असे. रेल्वेसाठी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास वेधशाळेची वेळ तारेने पाठविण्यात येऊ लागली. ती वाशिमच्या स्थानिक वेळेच्या सुमारे साडेबारा मिनिटे पुढे होती.

१ जानेवारी १९०६ पासून ८२° ३०' पू. या रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाण वेळ अमलात आली. तिच्यानुसार वाशिमला सरासरी मध्यान्ह दुपारी १२ वाजून सुमारे २१ मिनिटांनी होतो. मुंबईत या बदलास तीव्र विरोध झाला. मुंबई वेळ प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि घड्याळाचे काटे पुढे सरकविणे म्हणजे सरकारी लादणूक अशी भावना वंगभंगानंतरच्या वातावरणात प्रबळ झाली. नगरपालिकेने मुंबई वेळ पुढे अनेक दशके सोडली नाही. वेळ कोणी ठरवावी हा प्रश्न केवळ ज्योतिषाचा नसून सत्तेचाही आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

अणुघड्याळ : १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या गतीपासून अलग करून सीझियम अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर बसविण्यात आली. भारतीय प्रमाण वेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सीझियम घड्याळांच्या साहाय्याने राखते. सामान्य माणसाला मात्र ही वेळ अनेक वर्षे आकाशवाणीच्या ठोक्यांतूनच मिळत होती. वार्तापत्राआधीच्या ठोक्यांवर मनगटी घड्याळ लावणे हा घराघरांतील नित्यक्रम होता.

संगणकजालातील वेळ : संगणकातील क्वॉर्ट्‌झ घड्याळ दिवसाला एखादा सेकंद सहज मागेपुढे होते. अनेक संगणकांत एकच वेळ राहावी म्हणून अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्झ यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल ही पद्धती विकसित केली. तिचे पहिले विवरण १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक वेळ विचारणारा संदेश पाठवितो, संदेशाच्या जाण्यायेण्याचा काळ मोजतो आणि त्याचा निम्मा भाग हिशेबात धरून आपले घड्याळ सुधारतो. जाण्याचा व येण्याचा काळ समान नसल्यास मात्र चूक शिल्लक राहते. वेळ पुरविणाऱ्या संगणकास टाइम सर्व्हर म्हणतात. अणुघड्याळ वा उपग्रह-ग्राही यांस थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीचा, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसऱ्या पायरीचा, अशी क्रमवारी असते.

उपग्रहीय वेळ : अमेरिकेच्या जीपीएस या पद्धतीचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किमी. उंचीवरील प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे असतात. उपग्रह आपली वेळ व स्थान सतत प्रक्षेपित करतो. रेडिओ तरंग एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागात, ३०० मी. अंतर जातो, म्हणून संदेश पोहोचण्यास लागलेल्या काळावरून अंतर कळते. ग्राहीचे तीन स्थाननिर्देशक व त्याच्या स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी असल्याने चार उपग्रह आवश्यक असतात. स्थान आधीच निश्चित असेल, तर वेळेसाठी एकही पुरतो. नागरी वापरातील संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली व स्वस्त ग्राहींचा प्रसार झाला.

घरगुती टाइम सर्व्हर : अशा सर्व्हरसाठी उपग्रह-ग्राही, आकाशक, एक लहान संगणक व योग्य प्रणाली एवढी सामग्री पुरते. ग्राही दिनांक व वेळ सांगणारा संदेश देतो. पण तो सेकंदाच्या काही दशांशांनी उशिरा पोहोचू शकतो. यास्तव सेकंदाच्या नेमक्या आरंभी विद्युत् स्पंद देणारी वेगळी तार संगणकास जोडतात. संदेशावरून कोणता सेकंद हे कळते व स्पंदावरून तो केव्हा सुरू झाला हे कळते. ही तार न जोडणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय. इंटरनेटवरून घेतलेल्या वेळेत काही मिलिसेकंदांची अनिश्चितता राहते. स्पंदामुळे ती मायक्रोसेकंदांपर्यंत उतरते.

आकाशकाला मोकळे आकाश लागते. पावसाळी ढगांचा अडथळा नगण्य असतो, परंतु पत्र्याचे छप्पर संदेश अडविते. गच्चीवरील आकाशकास विजेपासून संरक्षण द्यावे लागते. वीज खंडित झाली की स्वतंत्र विद्युत्‌घट नसलेला लहान संगणक वेळ विसरतो. म्हणून विद्युत्‌घटावर चालणारे घड्याळ त्यास जोडणे इष्ट ठरते.

जीपीएसच्या वेळेची गणना ६ जानेवारी १९८० पासून होते व तीत लीप सेकंद धरीत नाहीत. २०१७ पासून ती जागतिक समन्वित वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक ग्राही वजा करतो. जुन्या संदेशरचनेत आठवड्यांची मोजणी १,०२४ नंतर पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये असे घडले. अशा वेळी जुना ग्राही सेकंद अचूक पण दिनांक सुमारे साडेएकोणीस वर्षे मागचा दाखवू शकतो. म्हणून जाणकार ग्राहीच्या जोडीला इंटरनेटवरील इतर काही सर्व्हरही साक्षीदार म्हणून ठेवतात.

स्वायत्ततेचा प्रश्न : बँकांचे व्यवहार, भ्रमणध्वनीचे मनोरे, विद्युत्‌जाल व पुरावा म्हणून सादर होणारी चित्रमुद्रणे या सर्वांस समान वेळ आवश्यक असते. घरगुती सर्व्हरमुळे इंटरनेटवरील अवलंबन सुटते, पण परक्या उपग्रहावरील अवलंबन उरते. या जाणिवेतून भारताने नाविक ही स्वतःची पद्धती उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. काही उपग्रहांतील आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडल्याने कामात खंड पडला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. एप्रिल २०२२ मधील शासकीय निर्देशानुसार देशातील सेवापुरवठादार व संस्था यांनी आपल्या संगणकांची वेळ राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा वा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र यांच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, मिळती ठेवावयाची आहे.

वत्सगुल्माच्या ज्योतिषाने वेळेच्या फरकावरून स्थान शोधले आणि आजचा ग्राहीही तेच करतो. फरक पळांऐवजी मायक्रोसेकंदांचा आहे. मात्र ग्रहणातील चंद्र कोणाच्याही मालकीचा नव्हता. उपग्रहातील घड्याळ कोणाचे तरी असते. म्हणून अचूकतेइतकेच त्याच्या स्वामित्वाकडेही लक्ष द्यावे लागते.