रब्बींवाचून राखलेला धर्म : बेने इस्राएल आणि मराठीतील यहुदी धर्मविद्या

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर यहुदी धर्माचा आधार यज्ञवेदीवरून ग्रंथाकडे सरकला, आणि पुरोहिताची जागा ज्याने घेतली तो रब्बी हा मूलतः उपासना चालविणारा नव्हे, तर धर्मशास्त्र शिकविणारा आणि त्यानुसार निर्णय देणारा विद्वान होता. मोशेच्या नावाने चालत आलेली पाच पुस्तके, म्हणजे तोरा, हा या विद्येचा मूळ आधार. त्यांच्या जोडीने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या नियमांचे संकलन यहुदा हा-नासी याने इ.स. २०० च्या सुमारास केले, त्यास मिश्ना म्हणतात. मिश्नावर बॅबिलोनच्या विद्यापीठांत पुढील तीन शतके जी चर्चा झाली ती गेमारा, आणि मिश्ना व गेमारा मिळून तल्मूद. या अफाट चर्चेतून आचरणाचा जो नियम निघतो त्याला हलाखा हे नाव आहे. बाराव्या शतकात मैमोनिदीस याने आणि सोळाव्या शतकात योसेफ कारो याने हलाखाच्या सुव्यवस्थित संहिता रचल्या. कारोची ‘शुल्हान आरूख’ ही संहिता आजही प्रमाण मानली जाते.

मराठी वाचकाला ही रचना सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही, कारण याज्ञवल्क्यस्मृती, तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि त्यानंतरचे निबंधग्रंथ यांची उतरंड मूळ वचन, भाष्य आणि निर्णय अशाच क्रमाने उभी राहिलेली आहे. अशी विद्या टिकण्यासाठी केवळ श्रद्धा पुरत नाही, तिला संस्था आणि वर्षासने लागतात, याचा उत्तम पुरावा खानदेशातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद असून, त्या मठाच्या निर्वाहासाठी बाजारातील मालावरचे कर आणि तेलाच्या घाण्यांमागे ठराविक तेल लावून दिल्याचे त्यात मराठीत कोरलेले आहे. बॅबिलोन, कैरो, टोलेडो किंवा क्रॅकोव्ह येथील यहुदी विद्यापीठेही समाजाने उचललेल्या अशाच भारावर उभी होती. कोकणातील यहुद्यांजवळ यांपैकी काहीही नव्हते. त्यांच्याजवळ मठ नव्हता, ग्रंथ नव्हते आणि कित्येक शतके रब्बीही नव्हता. तरीही त्यांचा धर्म नष्ट झाला नाही, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो मराठी भाषेत पुन्हा शास्त्राशी जोडून घेतला. महाराष्ट्रातील यहुदी धर्मविद्येचा इतिहास म्हणजे मुख्यतः या जोडणीचा इतिहास होय.

बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलची मुले’, या समाजाची परंपरा असे सांगते की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बरोबर आणलेले धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. ही घटना कोणत्या शतकातील याविषयी विद्वानांत एकमत नाही. कुलाबा जिल्ह्यातील गावांमध्ये पांगलेला हा समाज तेल गाळण्याचा धंदा करू लागला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. किहिमचे ते किहिमकर, राजपुरीचे ते राजपूरकर, दिव्याचे ते दिवेकर अशी गावांवरून आडनावे पडली आणि मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. इ.स. १२०० च्या सुमारास मैमोनिदीसने दक्षिण फ्रान्समधील विद्वानांना लिहिलेल्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, आणि सुंता यांपलीकडे तोरा ठाऊक नाही असे म्हटले आहे. तो निर्देश याच समाजाविषयी आहे असे निश्चित म्हणता येत नसले, तरी वर्णन त्यांना बरेच लागू पडते. मात्र त्यात निंदा पाहण्याचे कारण नाही, कारण ज्या दोन गोष्टी त्याने सांगितल्या त्याच यहुदी असण्याची सर्वांत कठीण आणि दैनंदिन किंमत मागणाऱ्या आहेत. याखेरीज खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि ‘शेमा’ हे एकेश्वराची ग्वाही देणारे वचन प्रत्येक प्रसंगी उच्चारणे, एवढे कोकणात शिल्लक राहिले होते. तेवढ्या एका वचनावर विवाह, सुंता आणि अंत्यविधी हे सारे चालत असत.

या काळात समाजाचे पंचांग मराठी सणांच्या नावांनी बोलत होते, आणि त्या नावांतच त्यांचे शास्त्र साठवलेले होते. वर्षारंभाचा रोश हाशाना हा ‘नव्याचा सण’ होता, आणि रब्बींच्या नियमाप्रमाणे तो दोन दिवसांचा असताना येथे एकच दिवस पाळला जाई. त्याच्या पाठोपाठ नव्या धान्याची खीर करून ‘खिरीचा सण’ येई. प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर हा ‘दरफाळणीचा सण’ होता. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून, उपवास करून माणसे घरातच राहत आणि परक्याचा स्पर्श टाळीत, आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळा सणा’ला दानधर्म व भेटीगाठी होत. पुरीम हा होळीच्या सुमारास येत असल्याने ‘होळीचा सण’ झाला. वल्हांडणाला, म्हणजे पेसाहला, आंबवलेले पदार्थ घरात चालत नाहीत, त्यामुळे आंबवण्यासाठी वापरण्याच्या आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्यावरून तो ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणविला गेला. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तिशा बेआव हा ‘बिरड्याचा सण’, कारण त्या प्रसंगी वालाचे बिरडे केळीच्या पानावर खाल्ले जाई. यात वरवर पाहता शास्त्राचा लवलेश नाही. पण आंबवणाचे भांडे झाकणाऱ्या कोकणी गृहिणीने हलाखातील एक अत्यंत काटेकोर प्रकरण, त्याचे नाव न ऐकता, पिढ्यान्‌पिढ्या पाळले होते हे लक्षात घेतले पाहिजे.

या सणांच्या यादीत हानुक्का नाही. इ.स.पू. १६५ मधील मंदिरशुद्धीच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या आणि पाच पुस्तकांत आधार नसलेल्या या सणाचा अभाव हा समाजाच्या प्राचीनत्वाचा पुरावा आहे, म्हणजे त्यांचे पूर्वज तो सण रूढ होण्यापूर्वीच मायदेश सोडून निघाले होते, असा युक्तिवाद समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या परंपरेत केला जातो. तो आकर्षक आहे, परंतु एखादी गोष्ट विसरली जाणे आणि ती कधीच ठाऊक नसणे यांत केवळ अभावावरून फरक करता येत नाही, म्हणून त्यावर फार भार टाकणे योग्य ठरणार नाही. उलट, जे इतरत्र कोठेही नाही ते येथे उपजले, याची नोंद अधिक मोलाची आहे. नवस फेडताना किंवा लग्नापूर्वी पोहे, गूळ आणि खोबरे यांचा मलिदा फळांसह ताटात मांडून एलियाहू संदेष्ट्याचे स्तवन करण्याचा विधी याच समाजाचा असून, अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्याची श्रद्धाही त्यांचीच आहे.

शास्त्राशी पहिला जोड दाविद राहाबी याने दिला असे समाज मानतो. परंपरा त्याला फार जुन्या काळात नेते, तर बहुतेक इतिहासकार त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी लावतात. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना हिब्रू आणि विधी शिकविले, आणि त्यांच्या वंशजांकडे काझी ही पदवी आली. हे काझी गावोगाव फिरून सुंता व विवाह लावीत, तंटे सोडवीत. रब्बीचे काम त्यांनी केले, पण रब्बीची विद्या त्यांच्याजवळ नव्हती, आणि अधिकार अभ्यासाऐवजी जन्माने मिळत असल्यामुळे ही संस्था रब्बीपेक्षा वतनदाराच्या अधिक जवळ होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत नोकरी करून आलेल्या पिढीने समाजाला मुंबईत आणले. समाजी हसाजी दिवेकर या सैनिकी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मांडवी भागात ‘शार हाराहमीम’ हे मुंबईतील पहिले सिनेगॉग, बेने इस्राएलांच्या बोलीत मशीद, बांधले. अलिबागला १८४८ मध्ये आणि पनवेलला १८४९ मध्ये प्रार्थनामंदिरे उभी राहिली. तेथे उपासना चालविणारा हझान कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून शिकलेला असे. १८२६ आणि १८३३ च्या सुमारास आलेल्या अशा शिक्षकांनी समाजाला सेफार्दी, म्हणजे स्पेनमधील यहुद्यांच्या परंपरेतील, पद्धतीची प्रार्थना आणि हिब्रू वर्षगणना दिली.

दुसरा जोड अनपेक्षित दिशेने आला. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकत होती, आणि १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु धर्मांतर अगदी थोड्यांनी केले. उरलेल्यांनी ते व्याकरण घेतले, जुन्या कराराचे मराठी भाषांतर घेतले, आणि त्यांच्या साहाय्याने ते आपल्याच ग्रंथांकडे परतले. विद्या देणाऱ्याच्या इच्छेबाहेर विद्येने केलेली ही कामगिरी एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रबोधनाच्या इतिहासात जेवढी मांडली जावयास हवी तेवढी मांडली गेलेली नाही.

परिणाम लवकरच छापील स्वरूपात दिसू लागला. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचला जाणारा विधिग्रंथ हाग्गादा हा १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठी असा शिळाछापावर निघाला. पुण्यात १८७४ मध्ये मोशे याकोब तळकर आणि अहरोन दानिएल तळकर यांच्या मराठी भाषांतरासह विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून जी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यातील चित्रांत साडी नेसलेल्या बेने इस्राएल स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटताना आणि भाजताना दिसतात. हाग्गादाच्या सजावटीची युरोपातील परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. तिच्यात कोकणी स्वयंपाकघर आणणाऱ्या या पुस्तकाने आपण कोण आहोत हे कोणताही वाद न घालता सांगून टाकले.

या सर्व उद्योगातील अग्रणी नाव योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे आहे. डेव्हिड ससून यांनी चालविलेल्या मुंबईतील शाळेत ते १८५६ मध्ये साहाय्यक शिक्षक झाले, पुढे सुमारे चार दशके तिचे मुख्याध्यापक राहिले, आणि १८७१ पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक होते. नित्याच्या, सणांच्या आणि उपवासांच्या प्रार्थनांची मराठी रूपांतरे धरून त्यांची २० हून अधिक पुस्तके आहेत. प्रार्थनेचे भाषांतर करणारा माणूस केवळ शब्द बदलीत नाही; कोणती प्रार्थना केव्हा, कोणत्या क्रमाने आणि कोणी म्हणावी हे त्याला ठरवावे लागते, आणि हा ठराव म्हणजेच हलाखा. त्या अर्थाने पदवीने रब्बी नसलेले राजपूरकर हे मराठी यहुद्यांचे पहिले शास्त्रकार होते, असे म्हणण्यास हरकत नसावी. त्यांच्या पिढीचा भर तल्मुदातील युक्तिवादापेक्षा उपासना, विधी आणि आख्यान यांवर होता. १८८० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कीर्तन मंडळाने बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकाराने अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची चरित्रे मराठी कीर्तनाच्या चालीत आणली. रब्बींच्या वाङ्मयात हलाखाच्या बरोबरीने कथा आणि बोधाचा जो आग्गादा नावाचा विभाग असतो, त्याचे काम महाराष्ट्रात हरदासी परंपरेने केले.

मात्र समाज विधींत शास्त्रशुद्ध झाला, तरी त्याच्या भूतकाळाला शास्त्राचा दाखला नव्हता, आणि ही उणीव फार उशिरा, स्वातंत्र्यानंतर इस्रायलमध्ये स्थलांतर झाल्यावर, समोर उभी ठाकली. हलाखाप्रमाणे विवाहितेचा काडीमोड ‘गेट’ या विधिपूर्वक लिहिलेल्या पत्राविना होत नाही. तसेच निपुत्रिक विधवेला दिराशी विवाह करावा लागतो, किंवा ‘हालित्सा’ या विधीने त्याच्याकडून मुक्त व्हावे लागते. गेटविना पुनर्विवाह केलेल्या स्त्रीची संतती ‘मामझेर’ ठरते, आणि तिच्या वंशजांना इतर यहुद्यांशी लग्न करता येत नाही. शतकानुशतके रब्बी नसलेल्या समाजात हे विधी कोणी व कसे केले असतील, हा प्रश्न काही रब्बींनी उपस्थित केला. त्याला उत्तर असे होते की, भोवतालच्या कोकणी समाजाप्रमाणे बेने इस्राएलांतही काडीमोड आणि विधवाविवाह विरळच होते, आणि जे सहसा घडलेच नाही त्यात दोष राहण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही.

मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या पुढाकाराने १८ ऑक्टोबर १९६१ रोजी मुख्य रब्बीमंडळाने या समाजाशी विवाहास हरकत नसल्याचा निर्णय दिला, पण १९६२ च्या आरंभी विवाहनोंदणी करणाऱ्यांना वधू किंवा वर बेने इस्राएल असल्यास आईची आई, तिची आई अशी शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याच्या सूचना पाठविल्या. ज्या समाजाने शब्बाथसाठी घाणा बंद ठेवला, त्याच्याकडून पणजीचा कागद मागितला गेला. जातीचा अनुभव असलेल्या भारतातून आलेल्या या माणसांना त्या चौकशीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली, धरणे धरले, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात प्रश्न देशाच्या संसदेपर्यंत नेला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीमंडळाने सूचनांतून समाजाचे नाव काढून टाकून त्या कोणत्याही संशयास्पद प्रकरणाला लागू होतील अशा केल्या.

या वादात रब्बीमंडळाच्या बाजूने आणि समाजाच्या बाजूने बोलणारे दोघेही शास्त्रच पुढे करीत होते. भेद एवढाच होता की, एका बाजूने लेखी दाखल्याला प्रमाण मानले आणि दुसऱ्या बाजूने आचाराच्या अखंडतेला. यहुदी धर्मशास्त्रात ‘मिनहाग’, म्हणजे रूढी, हेही एक प्रमाण आहे, आणि दीर्घकाळ चाललेल्या समाजाच्या आचाराला त्यात मोठे स्थान दिलेले आहे. त्या दृष्टीने पाहता बिरड्याचा सण आणि झाकलेले भांडे हे मागितलेल्या पुराव्यांहून कमी दर्जाचे नव्हते. किहिमकरांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला आणि त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला बेने इस्राएलांचा इतिहास नेमका हाच पुरावा, वादाच्या सुमारे सात दशके आधी, नोंदवून ठेवीत होता.