सात सेंटीमीटर आणि एक अपुरा सीझन

लॉस एंजेलिस, ऑगस्ट १९८४. ४०० मीटर हर्डल्सच्या फायनलमध्ये पी. टी. उषा चौथी. तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या कोजोकारूची ५५.४१. त्या वेगाने एक शतांश सेकंदात माणूस साधारण सात सेंटीमीटर पुढे जातो. म्हणजे आपली चार बोटं!

यावर 'नशीब' म्हणून उसासा टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मला मात्र ही गोष्ट शेड्यूलची वाटते. (धंद्याची सवय, दुसरं काय. रिलीजची तारीख ठरली की तिथून उलटं मोजत यायचं.)

हर्डलरचा सीझनही असाच उलटा मोजतात. आधी काही महिने नुसता पाया: लांब पल्ला, चढ, वाळू, ताकद. उषाकडे पय्योळीचा समुद्रकिनारा होताच. मग हर्डल्स, पण थोडे. पहिले दोन-तीन, मग पाच-सहा, शर्यतीच्या वेगाने. आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष शर्यती. या शेवटच्या टप्प्याला पर्याय नाही, कारण बघा: एकूण दहा अडथळे, पहिला ४५ मीटरवर, पुढे दर ३५ मीटरला एक. दोन अडथळ्यांमध्ये पावलं मोजून टाकायची. समजा १५. पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पाय जड होतात, ढांग आखूड होते आणि १५ ची १६ होतात. झालं, आता दुसरा पाय पुढे टाकून उडी मारावी लागणार! ताज्या पायांनी सकाळच्या सरावात हे कळतच नाही.

उषाचा हाच टप्पा अपुरा राहिला. बायकांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आलीच मुळी १९८४ ला. तोवर उषा सरळ धावणारी: १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरला रौप्य, १९८३ ला कुवेतमध्ये ४०० मीटरचं आशियाई सुवर्ण. (दिल्लीत हर्डल्सचं सुवर्ण एम. डी. वलसम्माचं होतं.) नंबियार सरांनी तिला हर्डल्सकडे वळवलं हा निर्णय माझ्या मते अचूक होता. सेमीफायनल तिने ५५.५४ मध्ये जिंकलीच की! पण लॉस एंजेलिसच्या आधी हर्डल्सच्या शर्यती तिच्या खात्यावर अगदी मोजक्या होत्या. फायनलमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी फॉल्स स्टार्ट झाला, तिची चांगली सुरुवात वाया गेली, आणि शेवटी रेषेवर छाती पुढे झोकायला उशीर झाला. खेळाडूंच्या गावात तिच्या वाट्याला आली होती तांदळाची पेज आणि लोणचं. शेवटच्या ३५ मीटरला त्याने घात केला, असं तिनेच पुढे सांगितलंय. वर्षभराचं प्लॅनिंग, आणि जेवणाचं कुणी बघितलंच नाही.. काय बोलणार?

त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण मिळवणारा एडविन मोझेस फिजिक्सचा विद्यार्थी. त्याच्या मोअरहाउस कॉलेजला स्वतःचा ट्रॅकही नव्हता. पण दर दोन हर्डल्समध्ये १३ पावलं, शेवटपर्यंत, हे गणित त्याने पक्कं बसवलं. १९७७ ते १९८७ सलग १२२ शर्यती जिंकला. दुखापत झाली तेव्हा १९८२ चा सीझन सरळ सोडून दिला, आणि १९८३ मध्ये ४७.०२ चा विश्वविक्रम केला. सगळं लक्ष एकाच शर्यतीवर.

उलट उषाकडून आपण काय काय करून घेतलं! १९८५ ला जकार्तात १००, २००, ४००, हर्डल्स आणि ४ x ४०० रिले, पाच सुवर्णं. आपण टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाच हव्या होत्या. पण तिने एखादं वर्ष फक्त हर्डल्सला दिलं असतं तर ५५ च्या खाली गेली असती, असं मला राहून राहून वाटतं.

असो. तिच्या ५५.४२ ची बरोबरी व्हायला ३९ वर्षं लागली. २०२३ च्या हांगझो एशियाडमध्ये विद्या रामराज हीटमध्ये बरोब्बर ५५.४२ धावली. दुसऱ्या दिवशी फायनलला ५५.६८, आणि ब्राँझ.