व्यापाऱ्यांचे चेंबर आणि अस्थींचे कलश : सिंगापूरच्या चिनी स्थलांतरितांचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारले होते : परमुलखात व्यापार करणारी माणसे आपली संघटना कशासाठी काढतात, नफ्यासाठी की आपुलकीसाठी? आमचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे 'हे की ते' असा प्रश्न आला की आम्ही जरा सावध होतो. म्हणून थेट उत्तर न देता आज एका संघटनेचा इतिहास बघू : १९०६ साली स्थापन झालेले सिंगापूरचे चिनी व्यापाऱ्यांचे चेंबर.

१८१९ मध्ये रॅफल्स यांनी ईस्ट इंडिया कंपनीतर्फे सिंगापूरला ठाणे वसवले आणि बंदर जकातमुक्त ठेवले. दक्षिण चीनच्या फुजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांतून माणसे येऊ लागली. आपण त्यांना सरसकट 'चिनी' म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्यातल्या अनेकांना एकमेकांची बोली कळत नसे. होक्किएन, तेओच्यू, कँटनी, हाक्का, हैनानी असे गट; प्रत्येकाचे मंडळ वेगळे, स्मशानभूमीसुद्धा वेगळी, आणि बऱ्याच अंशी धंदाही वेगळा. तेओच्यू मिरीच्या मळ्यांत, होक्किएन पेढ्यांत आणि जहाजी व्यापारात. हैनानी उशिरा आले, त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघरे आणि कॉफीची दुकाने आली.

तेलोक आयर रस्त्यावर थिआन हॉक केंग नावाचे देऊळ आहे. सध्याची वास्तू १८३९ ते १८४२ या काळात उभी राहिली. देवी माझू, म्हणजे दर्यावर्दी लोकांची राखणदार. समुद्र सुखरूप पार झाला म्हणून तिच्यापुढे हात जोडायचे, आणि मग तिथेच आपल्या गावाकडचे कोण आहे, काम कुठे मिळेल, हे विचारायचे. होक्किएनांच्या मंडळाचा कारभारही याच देवळातून चाले. मुंबईत कोकणातल्या गावांच्या सामाईक खोल्या होत्या, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता मुद्दा असा. परमुलखात उधारी कोणाला द्यायची? कोर्ट इंग्रजांचे, कागद परक्या भाषेतला. मग तारण काय? तर ओळख. पैसे बुडवले तर बातमी गावी आईबापांपर्यंत पोचणार, हीच जामीनकी. आपल्या भिशीसारखी त्यांची 'हुई' चालायची तीही याच भरवशावर. म्हणजे बघा, इथे आपुलकी हेच भांडवल होते. पण या भांडवलाची एक अडचण असते : ते ओळखीच्या वर्तुळाबाहेर चालत नाही.

वर्तुळ रुंदावण्याचे निमित्त चीनमधून आले. छिंग राजवटीने देश सोडणाऱ्यांवर दीर्घकाळ बंदी ठेवली होती; ती रीतसर उठली १८९३ मध्ये. पुढे त्याच राजवटीला परदेशातल्या श्रीमंत चिन्यांचे भांडवल हवेसे झाले. १९०५ च्या अखेरीस झांग बीशी हे दूत सिंगापूरला आले. ते स्वतः पिनांगचे बडे व्यापारी. त्यांनी सर्व गटांची मिळून एक संस्था काढण्याचा आग्रह धरला, आणि १९०६ मध्ये चेंबर स्थापन झाले. समितीतल्या जागा मात्र गटवार वाटलेल्या. एकाच पंगतीला बसले, पण पाट आपापले.

चेंबर व्यापाऱ्यांचे तंटे मिटवी, इंग्रज सरकारपुढे त्यांचे म्हणणे मांडी आणि चीनशी व्यापार वाढवी. मन मात्र चीनकडे लागलेले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा रबराचे व्यापारी टॅन काह की यांच्या नेतृत्वाखाली सिंगापूरच्या चिन्यांनी मोठा मदतनिधी उभा केला. हे तेच टॅन, ज्यांनी १९२१ मध्ये शियामेन विद्यापीठ काढले.

त्याची किंमत १९४२ मध्ये चुकवावी लागली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. जपानी सैन्याने चिनी पुरुषांना छाननीसाठी बोलावले आणि हजारोंना समुद्रकिनारी आणि इतरत्र नेऊन मारले. जपानी बाजूने मान्य झालेला आकडा ५ हजारांच्या आसपासचा. चिनी समाजाचे अंदाज त्याच्या कितीतरी पट. वर मलाया आणि सिंगापूरच्या चिन्यांवर ५ कोटी डॉलरची 'देणगी' लादली. पुरते पैसे जमेनात, तेव्हा उरलेले जपानी बँकेकडूनच कर्ज काढून भरावे लागले.

युद्धानंतर प्रश्न उभा राहिला : आपण कुठले? १९४९ नंतर चीनला परतण्याची वाट बिकट झाली होती. चीनमध्ये जन्मलेल्या सुमारे २ लाख २० हजार रहिवाशांना सिंगापूरचे नागरिकत्व मिळावे म्हणून चेंबरने मोहीम चालवली, आणि १९५७ च्या नागरिकत्व कायद्याने तो मार्ग खुला झाला.

मग १९६२ मध्ये सिगलाप भागात जमिनीतून हाडे निघाली. सामुदायिक दफनाच्या जागा होत्या त्या. त्या शोधण्याचे, उकरण्याचे, अस्थी कलशांत भरण्याचे काम कोणी अंगावर घेतले? चेंबरने! रबर-मिरीचा व्यापार करणाऱ्यांनी. ऑगस्ट १९६३ मध्ये भरपाईसाठी प्रचंड सभा झाली. १९६६ मध्ये जपानने ५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. निम्मे अनुदान, निम्मे सवलतीचे कर्ज. आकडा तोच, १९४२ मधल्या खंडणीचा. पण भरपाई अर्धी उसनवार कशी असू शकते, यावर आम्हाला अजून समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

१५ फेब्रुवारी १९६७ रोजी बीच रोडवर स्मारकाचे अनावरण झाले. कलश त्याच्याखाली आहेत. मागणी चिनी व्यापाऱ्यांची, निम्मा खर्च सरकारचा. पण स्मारक फक्त चिन्यांचे झाले नाही. चार उंच खांब : चिनी, मलाय, भारतीय आणि इतर, असे चार समाज. लोक त्याला गमतीने 'चॉपस्टिक्स' म्हणतात. पायाशी चारही खांब एकमेकांना जोडलेले आहेत.

तेव्हा त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. नफा की आपुलकी, यापेक्षा आम्हाला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ही संस्था 'आपले' म्हणून कोणाला मोजते? गाववाला, मग आपल्या बोलीचा, मग चिनी, आणि शेवटी शेजारी. ही मोजणी वाढायला या लोकांना साठ वर्षे लागली, आणि फार मोठे दुःख सोसावे लागले. आपल्या मंडळांची, पतपेढ्यांची, परदेशातल्या आपल्या संघटनांची मोजणी कुठवर आली आहे, याचा विचार घरी जाऊन जरूर करा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.